रंगाला जामीन

घड्याळजींनी आयुष्यात दोनच गोष्टी जपल्या, असं त्यांची बायको म्हणायची: लोकांची घड्याळं आणि स्वतःची तांब्याची नाणी. "तिसरी मी," असं ती पुढे जोडायची, "पण मला चिमट्यानं उचलता येत नाही, म्हणून मागे राहिले."

नाण्यांचा नाद त्यांना तरुणपणीच लागला होता. दर वर्षी नवी नाणी बँकेत आली की पहिल्याच दिवशी ते रांगेत उभे राहायचे, नाण्यांची एक सीलबंद गुंडाळी घ्यायचे, घरी येऊन डोळ्याला भिंग लावून एकेक नाणं तपासायचे. त्यातलं सर्वांत निर्मळ असेल ते एक ठेवायचे, बाकीची खर्चून टाकायचे. ठेवलेलं नाणं कागदी पाकिटात, पाकीट पत्र्याच्या डब्यात, डबा कोरड्या कपाटात. नवं तांबं लालबुंद असतं. त्याला बोट लागलं, दमट हवा लागली की ते हळूहळू तपकिरी पडतं. चाळीस वर्षांनंतरही एखादं नाणं लाल असेल, तर कुणीतरी चाळीस वर्षं ते डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय, एवढं सरळ आहे. घड्याळजींकडे अशी एकेचाळीस नाणी होती. शिवाय दुसऱ्या एका डब्यात सतरा तपकिरी नाणी होती. ती त्यांनी जुन्या लोकांकडून एकेक करून मिळवली होती, आणि त्यांच्यावरही त्यांचा जीव होता. "तपकिरी म्हणजे नाण्याचं वय," ते मुलीला सांगायचे. "वयाची कसली आलीय लाज?"

मुलगी एकुलती एक. ती मुलामा देण्याच्या कारखान्यात टाक्यांवर देखरेख करायची. धातू कोणत्या पाण्यात कसा वागतो, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. लग्नाचा विषय तिनं दोनदा ऐकून घेतला आणि तिसऱ्यांदा उठून गेली. तेव्हापासून घरात तिघंच.

घड्याळजी सत्तरीला आले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. घड्याळं सुटली. भिंगातून पाहिलं तरी सगळी नाणी त्यांना एकाच मळकट रंगाची दिसायला लागली. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्याला जे दिसत नाही ते ज्याला दिसतं त्याच्याकडे जावं. लाल नाणी विकायची.

शहरात नाण्यांचा एकच मोठा व्यापारी होता. त्याला सगळे 'जामीनदार' म्हणायचे. त्याचं कारण असं. हल्ली नाणी एका कंपनीकडे तपासायला पाठवायची पद्धत पडली होती. कंपनीचे परीक्षक नाण्याची प्रत ठरवायचे, नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करायचे आणि वर चिठ्ठी लावायचे: लाल, लाल-तपकिरी, किंवा तपकिरी. या रंगाची हमी कंपनी द्यायची. पुढे रंग खोटा निघाला तर भरपाई. लाल आणि तपकिरी यांच्या किमतीत दहा-दहा पटींचा फरक असायचा, त्यामुळे या हमीवर सगळा बाजार चालायचा. हा व्यापारी त्यावर आणखी एक पाऊल पुढे. कंपनीच्या डबीवर तो स्वतःची छोटी सोनेरी पट्टी चिकटवायचा आणि तिच्यावर सही ठोकायचा: 'रंगाला मी जामीन.' लोक डोळे झाकून घ्यायचे.

घड्याळजी आणि तो तीस वर्षं एकाच नाणेमंडळात होते. मुलगी त्याला लहानपणापासून काका म्हणायची.

महिन्याची बैठक मंडळाच्या दिवाणखान्यात भरली होती, पंचवीस-तीस माणसं असतील. घड्याळजींनी डबा उघडून जामीनदारापुढे सरकवला. त्यानं एक नाणं उचललं, दिव्याखाली इकडून तिकडे फिरवलं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग मान हलवत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घड्याळजी, हे काय केलंत?"

"काय झालं?"

"ऍसिडात बुडवून काढलीत होय? अहो, ही झळाळी मेलेली आहे. साफ केलेली नाणी आहेत ही."

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? मी नाही... माझ्या घरात ऍसिडची बाटलीसुद्धा नाही."

"घरात नसेल," जामीनदार हसला, "लेकीच्या कारखान्यात पिंपं भरून आहे की!"

दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी खाली मान घातली. घड्याळजींनी डब्यात वाकून पाहिलं, पण त्यांना काय दिसणार? मळकट एकेचाळीस ठिपके. बैठक संपल्यावर जामीनदारानं त्यांना बाजूला घेतलं आणि फार मोठेपणा दाखवत भंगाराच्या भावानं सगळी नाणी घेतली. "तुमची अब्रू राहावी म्हणून घेतोय," म्हणाला. पावतीवर लिहिलं: 'साफ केलेली नाणी, एकेचाळीस नग.' घड्याळजींनी तो दाखवेल तिथं सही केली.

ते पुन्हा मंडळात गेले नाहीत. मुलगी तेव्हा कामासाठी महिनाभर बाहेर होती. परतली तेव्हा वडील खुर्चीत बसून होते. ते तिला म्हणाले, "तू कधी माझ्या नाण्यांना काही लावलं होतंस का गं?" हा प्रश्न तिच्या काळजात रुतला. तीस वर्षांच्या मित्राच्या एका वाक्यानं या माणसाचा स्वतःच्या लेकीवरचा विश्वाससुद्धा हलला होता.

सहा महिन्यांनी जामीनदाराचं विक्रीचं पुस्तक आलं. जाड कागद, पानोपान रंगीत छायाचित्रं. सतराव्या पानापासून एकेचाळीस नाणी ओळीनं मांडली होती. प्रत्येक सीलबंद डबीत, प्रत्येकीवर कंपनीची चिठ्ठी 'लाल', आणि खाली सोनेरी पट्टी. एका नाण्यावर गव्हाच्या लोंबीच्या तिसऱ्या दाण्याखाली सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. तो ठिपका मुलीनं सातव्या वर्षी वडिलांच्या मांडीवर बसून शोधून काढला होता.

तिनं वडिलांना सांगितलं. त्यांनी पुस्तकाच्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे लाल होती ना? झालं तर मग." त्याच वर्षी ते गेले.

अंत्यविधीला मंडळातले काही लोक आले होते. फाटकाजवळ दोघे बोलत उभे होते आणि मुलगी त्यांच्या मागे होती, हे त्यांना कळलं नाही. "माणूस लाखातला," एक म्हणाला. "हो ना," दुसरा म्हणाला, "फक्त ती नाणी घासायची सवय सोडली, तर." 

त्या क्षणी तिचं रडू थांबलं.

दुसऱ्याच आठवड्यात ती जामीनदाराच्या दुकानात गेली. काचेच्या फळीवर तिनं विक्रीचं पुस्तक उघडून ठेवलं. "काका, हे बाबांचं नाणं आहे."

"नाण्यावर नाव असतं का कुणाचं?"

"तिसऱ्या दाण्याखाली ठिपका आहे."

"असे ठिपके ढिगानं असतात, पोरी."

"बैठकीत खोटं का बोललात?"

"खोटं?" त्यानं चष्मा काढून पुसला. "मला साफ केलेली वाटली, मी तसं म्हणालो. वाटणं हा गुन्हा आहे का? कंपनीला लाल वाटली, त्यांनी तसं लिहिलं. आणि पावतीवर सही तुझ्या बापाची आहे. वाचून केलेली."

"त्यांना वाचता येत नव्हतं. डोळे गेले होते त्यांचे."

"मग चष्मेवाल्याशी भांड," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

चोराच्या उलट्या बोंबा. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. तक्रार करायला कागद नव्हता. जो होता तो वडिलांनाच खोटं पाडत होता. चालता चालता तिच्या मनात एक विचार आला आणि तो इतका साधा होता की ती मध्येच थांबली. या माणसानं वडिलांवर जो आळ घेतला, तो आपण खरा करून दाखवायचा. आणि त्याच्याच गळ्यात बांधायचा.

त्याला तीन वर्षं लागली.

कारखान्यातल्या तिच्या खोलीला कुलूप होतं. तिथं ती जुन्या बाजारातली फुटकळ तपकिरी नाणी घेऊन बसायची. तपकिरीचं लाल करणं अवघड नाही, कुणीही करतं. पण ते डोळ्यात खुपतं: गुलाबी, सपाट, धुतलेल्या भांड्यासारखं. तिला हवं होतं ते लाल वेगळं होतं. नाणं कलतं केलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरला पाहिजे, उंच भाग किंचित मावळलेला असला पाहिजे, अक्षरांच्या खाचांत जरा जास्त दाट रंग राहिला पाहिजे. वडिलांनी शिकवलेलं सगळं कामाला आलं. आणि दुसरी अट अशी की तो रंग टिकला पाहिजे, पण कायमचा नाही. पहिली नाणी नऊ दिवसांत काळवंडली. मग तीन आठवडे, मग दोन महिने. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. तिसऱ्या वर्षी एक नाणं आठ महिने लाल राहिलं आणि मग एका आठवड्यात त्याच्यावर म्हातारपणी हातांवर येणाऱ्या डागांसारखे चट्टे उठले.

आता चांगली नाणी हवी होती, कधीही वापरात न आलेली, तपकिरी रंगाखाली झळाळी जिवंत असलेली. ती तिच्या घरातच होती. दुसऱ्या डब्यातली सतरा.

आठ वाया गेली. नऊ जमली.

एका रविवारी आईनं कपाट आवरताना डबा हातात घेतला. रिकामा. तिनं मुलीकडे पाहिलं, मग मुलीच्या बोटांकडे. "तुझ्या हातांना तीन वर्षं तो वास येतोय," आई म्हणाली. "मी मेली समजत होते कारखान्याचा असेल."

मुलीनं तिला सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

आई कपाटाला टेकून खाली बसली. "त्यांनी जन्मात जे पाप केलं नाही, ते तू त्यांच्या नाण्यांना केलंस."

"त्याला धडा शिकवायचाय, आई."

"शिकव. पण त्यांच्यासाठी करतेय असं म्हणू नकोस. त्यांनी तुला हाताला धरून दाराबाहेर काढलं असतं."

"मग माझ्यासाठी करते," मुलगी म्हणाली.

त्यानंतर कित्येक दिवस आई मुलीशी कामापुरतंच बोलली.

मुलगी नऊ नाणी घेऊन जामीनदाराच्या दुकानात गेली. केस विस्कटलेले, आवाज पडलेला. "काका, तेव्हा मी वेड्यासारखं बोलले. आवरताना बाबांचा दुसरा डबा सापडला. यातलं मला काही कळत नाही. तुम्हीच बघा."

'घड्याळजींचा डबा' म्हटल्यावर जामीनदाराचे डोळे असे चमकले की तिला खाली बघावं लागलं, नाहीतर तिचं हसू त्याला दिसलं असतं. त्यानं भिंग लावलं, पण जेमतेम. तपासायचं काय? घड्याळजींचं नाणं म्हणजे खात्रीचं लाल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अनोळखी माणसाकडून आलेलं नाणं त्यानं तासभर उलटसुलट केलं असतं. स्वतःच्या थापेवर त्याचा रतीभर जरी विश्वास असता, तर तो त्या दिवशी वाचला असता.

"अरेरे," तो म्हणाला, "हीही साफ केलेलीच. बापाची खोड, दुसरं काय! असू दे, मी घेतो. तुला कशाला त्रास."

"पावती द्याल ना, काका? आईला दाखवायला."

त्यानं नेहमीच्या झोकदार अक्षरात लिहिलं: 'साफ केलेली नाणी, नऊ नग.' खाली तारीख, सही, शिक्का. तिनं घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून बाहेर पडली.

नऊच्या नऊ कंपनीतून 'लाल' होऊन आली. नऊंवर सोनेरी पट्ट्या चढल्या. मंडळातल्या एका निवृत्त शल्यविशारदांनी ती सगळी घेतली. तोपर्यंत मुलगी वडिलांच्या रिकाम्या जागेवर मंडळाची सभासद झाली होती आणि दर बैठकीला मागच्या रांगेत येऊन बसत होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "शिकायला येते."

सातव्या बैठकीला डॉक्टर उशिरा आले. त्यांनी कोट काढला नाही, खुर्ची घेतली नाही. पिशवीतून एकेक डबी काढून ते लांब टेबलावर मांडत गेले. नऊ डब्या. डब्यांवर चिठ्ठ्या 'लाल'. आत चट्टेरी, काळपट, काही ठिकाणी हिरवट झाक आलेलं तांबं. लोक खुर्च्या सरकवून गोळा झाले.

"तुमची सही आहे," डॉक्टर जामीनदाराला म्हणाले.

जामीनदारानं एक डबी उचलून उजेडात धरली. मग नेहमीचं हसू ओढून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कपाट दमट असणार तुमचं. तांबं आहे ते, सोनं नव्हे."

"त्याच खणात माझी साठ नाणी आहेत. सगळी लाल आहेत. ही नऊच का सडली?"

"मग कंपनीला विचारा. हमी त्यांची."

"विचारलं. ते म्हणाले, नाणी रसायनानं रंगवलेली आहेत. मला भरपाई देतील, आणि ती तुमच्याकडून वसूल करतील. पण माझा प्रश्न कंपनीला नाही. 'रंगाला मी जामीन' हे कंपनीनं लिहिलेलं नाही."

जामीनदाराची नजर खोलीभर फिरली आणि मागच्या रांगेत थांबली. त्याचा चेहरा तांब्याहून लाल झाला. "ही!" तो ओरडला. "हिनं विकली मला! घड्याळजींची लेक! मुलाम्याच्या कारखान्यात काम करते ही. हिनंच रंगवली असणार. मला फसवलं हिनं!"

सगळे वळले. मुलगी उठली. तिनं पर्समधून पावती काढली आणि मंडळाच्या चिटणिसांच्या हातात दिली. "मोठ्यानं वाचा."

चिटणिसांनी वाचलं. "साफ केलेली नाणी, नऊ नग." मग त्यांनी कागद उलटसुलट केला, शिक्का पाहिला, आणि पुन्हा वाचलं, जणू पहिल्यांदा चूक झाली असावी.

"काकांनी मला तोंडावर सांगितलं की नाणी साफ केलेली आहेत," मुलगी म्हणाली. "तसं लिहूनही दिलं. मग लाल म्हणून जामीन कसे राहिले, ते त्यांनाच विचारा."

इकडे आड, तिकडे विहीर. पावती खरी मानावी, तर त्यानं खोटी नाणी जाणूनबुजून डॉक्टरांच्या गळ्यात मारली होती. खोटी मानावी, तर... जामीनदाराच्या कपाळावर घाम फुटला. आणि मग संतापाच्या भरात त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"ते तर मी लिहितोच! भाव पाडायला लिहितो! घड्याळजींनी आयुष्यात एक नाणं घासलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं का?"

बोललेलं वाक्य त्याच्या स्वतःच्या कानांवर पोचायला जरा वेळ लागला. मग तो हळूच खुर्चीत बसला.

"पुन्हा सांगा," मुलगी म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही.

"एकेचाळीस नाणी होती. याच टेबलावर होती. पुन्हा सांगा, काका."

"जाऊ दे आता," कुणीतरी पुटपुटलं. फाटकाजवळ बोलला होता, तोच. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

सगळे पांगत असताना डॉक्टर तिच्याजवळ आले. "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पावतीवर लिहिलंय की."

त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा पिवळट पडलेल्या होत्या, कातडी सोललेली. आयुष्यभर माणसांची शरीरं वाचलेला माणूस होता तो. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि ते गेले. त्यांना नाण्यांसाठी दिलेलं सगळं परत मिळालं, पण त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. या गोष्टीचं मात्र तिला वाईट वाटत राहिलं.

पुढे सगळं भराभर झालं. कंपनीनं जामीनदाराकडून नाणी घेणं बंद केलं. सोनेरी पट्टीच्या डब्या लोक त्याच्या दारात आणून आदळायला लागले. मंडळाच्या पत्रकात पहिल्याच पानावर चौकट आली, की घड्याळजींवर घेतलेला आळ खोटा होता आणि मंडळ त्यांच्या कुटुंबाची माफी मागतं. ती आईनं दोनदा वाचली, घडी केली आणि नवऱ्याच्या चष्म्याच्या घरात ठेवली. त्या दिवशी तिनं दोघींचा चहा एकत्र ओतला.

आणखीही एक झालं. वर्ष संपायच्या आत कंपनीनं जाहीर केलं, की यापुढे तांब्याच्या रंगाची हमी मिळणार नाही. नाण्याचा रंग ते ठेवणाऱ्यावर अवलंबून असतो, आम्ही फक्त आजचा रंग लिहू. ती नऊ नाणी कंपनीनं स्वतःकडे ठेवून घेतली, नव्या परीक्षकांना दाखवायला. आता कुणीही लाल नाणं पाहिलं की आधी नाक मुरडायचं. घड्याळजींची एकेचाळीस नाणी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेली होती, त्यांच्याकडेही लोक तशाच नजरेनं बघायला लागले.

दुकान बंद झाल्यावर दोन महिन्यांनी जामीनदार कारखान्यात आला. दुपारची वेळ होती, टाक्यांवरून वाफ उठत होती. तो बराच वाळला होता. मुलीनं त्याला बस म्हटलं नाही. तो शिव्या देईल, रडेल, निदान माफी मागेल, अशा सगळ्या तयारीनं ती उभी होती. या क्षणाची तिनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

"तक्रार करायला आलो नाही," तो म्हणाला. "माझं कोण ऐकणार? एकच विचारायचंय." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आठ महिने कसे टिकवलेस? मी तीस वर्षं करतोय. दोन महिन्यांच्या वर कधी जमलं नाही."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही करताय?"

"थोडीफार. सगळेच करतात गं. पण तुझं काम..." त्यानं हात वर करून दोन बोटांत एक अदृश्य नाणं धरलं, दिव्याखाली कलतं केलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होतं ते खरंखुरं कौतुक होतं. "माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला कळलं नाही. बापापेक्षा तुझ्या हातात जास्त कसब आहे. तू आधीच माझ्याकडे आली असतीस, तर आपण दोघांनी बाजार हलवला असता."

"चालते व्हा," ती म्हणाली.

तो गेला. तिनं लगेच चिटणिसांना फोन लावला आणि तो तीस वर्षांबद्दल जे बोलला होता, ते शब्दाशब्दानं सांगितलं. त्याची उरलीसुरली जुनी नाणीही आता तपासली जातील आणि म्हातारपणी तो तोंड लपवत फिरेल, हे तिला ठाऊक होतं. दया आली नाही. थोडीसुद्धा नाही.

घरी गेल्यावर आईलाही तिनं सांगितलं, तो आला होता, काय विचारलं, आपण कसं हाकललं, सगळं. आई भाजी चिरता चिरता ऐकत होती. "अजून काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"काही नाही," मुलगी म्हणाली आणि पाणी प्यायला उठली.